आयतारापर्यंत थांबा

१

आमच्या केंद्राच्या स्वयंपाकघरातला कोयता नाहीसा झाला होता.

एरवी कुणाच्या घरातला कोयता हरवला तर माणूस शेजाऱ्यावर थोडा संशय घेतो आणि बाजारातून दुसरा आणतो. आमचं तसं नाही. जोयड्यापासून थोडं आत, जंगलाला पाठ लावून असलेलं आमचं केंद्र म्हणजे ज्यांच्यापुढं घरच्यांनी हात टेकले अशा वयात येणाऱ्या मुलामुलींना ठेवायची जागा. कुणी मारामारी केलेली, कुणी पळून गेलेली, कुणी स्वतःलाच इजा करून घेतलेली. अशा ठिकाणी धारेची वस्तू हरवली की सगळ्यांच्या जिवाचं पाणी पाणी होतं.

मी इथं समुपदेशक आहे. बाजारकुणंगची, कुणब्याची पोर. धारवाडला शिकून परत आले याचा पश्चात्ताप मला आठवड्यातून एकदा तरी होतो, आणि त्या गुरुवारी तो सकाळीच सुरू झाला. अधीक्षक सुमन मॅडमचा फोन आला, तोही तुटक तुटक, कारण आमच्याकडं रेंज मिळणं हे नशिबाचं काम. मला एवढंच कळलं की कोयता काल संध्याकाळपासून नाही, तो वासूनंच घेतलाय, आणि दुपारी कारवारहून जीप येतेय.

मी पोचले तेव्हा वॉचमन परशू गेटबाहेरची झुडपं तोडत होता. माझ्याकडं न बघताच त्यानं मान हलवली. एरवी हा माणूस गेटवरच मला गावगप्पांनी अडवून ठेवतो. सही करायला मी त्याच्या खोलीत शिरले. खुंट्यांवर नेहमीचा पसारा होता, घोंगडी, बॅटरी, काळी ट्यूब गुंडाळलेल्या मुठीची कोयती, किल्ल्यांचा जुडगा. टेबलावर चहा तसाच गार होऊन पडला होता.

"परशूअण्णा, बरं न्हाई काय?" मी बाहेर येऊन विचारलं.

"बराच हाय," तो म्हणाला, आणि हातातल्या कोयत्यानं त्यानं एक फांदी गरजेपेक्षा जास्त जोरात तोडली.

२

सुमन मॅडम रामनगरच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि इथं आल्या. बाई वाईट नाहीत. पण त्यांच्या डोक्यात अजून शाळेची घंटा वाजते, आणि घंटा वाजल्यावर जो रांगेत नाही तो गुन्हेगार.

"तुझा कागद मीच बघितला," त्या म्हणाल्या. "वासूच्या नावापुढं तूच लिहिलंयस, हिंसेचा धोका जास्त. मग आता वाद कसला?"

इथं मला माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. दर तीन महिन्यांनी मी एकेका मुलाचं मोजमाप करते. राग, मैत्री, शाळा, घर, पुढची आशा, अशा एकेका गोष्टीपुढं दोन बाजू असतात. डावीकडं धोका, उजवीकडं बळ. दोन्ही एकाच वेळी जास्त असू शकतात, हीच त्यातली गोम आहे. त्यावरून येत्या तीन महिन्यांत या पोराला काय होऊ शकतं आणि त्याला कशाच्या आधारानं सांभाळायचं ते ठरतं. वासूच्या धोक्यापुढं मी जास्त लिहिलं होतं, कारण त्यानं घरात सावत्र बापावर कोयता उगारला होता. बळापुढंही जास्त लिहिलं होतं, कारण तो बाप त्याच्या आईला मारत असताना उगारला होता. मॅडम फक्त डावी बाजू वाचायच्या. मी हे त्यांना किती वेळा सांगितलं असेल, त्याला सुमार नाही.

"काल दुपारी भांडी घासायची पाळी त्याची होती," मॅडम म्हणाल्या. "स्वयंपाकघरातली सुशीला जेवणानंतर आडवी झाली तेव्हा कोयता जागेवर होता. उठली तेव्हा नव्हता. आणि हा पोरगा मागच्या नळावर हातापायांची माती धूत होता. पोरांच्या गाद्या उलट्या केल्या, पेट्या उघडल्या, संडासाच्या छपरावरसुद्धा बघितलं. नाही मिळाला."

"कर्मचाऱ्यांच्या खोल्या बघितल्या?"

"त्या कशाला बघायच्या?" त्यांना खरंच नवल वाटलं.

वासूला मी ऑफिसशेजारच्या खोलीत भेटले. सोळा वर्षांचा उंच पोरगा, खुर्चीत मावत नव्हता. मी त्याला गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, गप्प बसूनही बघितलं. दुपारच्या जीपमधून लांबच्या शहरातल्या कुलूपबंद केंद्रात जावं लागेल, तिथून अठरा वर्षांचा होईपर्यंत सुटका नाही, आई इतक्या लांब भेटायला येऊ शकणार नाही, हेही सांगितलं. तो ओठ चावत ऐकत राहिला. त्याच्या गुडघ्याला वाळलेली लाल माती अजून चिकटलेली होती.

शेवटी मी उठले तेव्हा तो बोलला.

"आयतारापर्यंत थांबा की, अक्का."

"आयतारी काय हाय?"

त्यानं मान फिरवली. दाराबाहेर मॅडम उभ्या होत्याच. "ऐकलंस?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "रविवारी भेटीला गर्दी असते, गेट उघडं असतं. त्या दिवशी काहीतरी करायचा बेत आहे त्याचा."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडं काही नव्हतं याचा.

३

सुशीलाक्का स्वयंपाकीण चुलीपुढं बसून नारळ फोडायला दगड वापरत होती आणि प्रत्येक घावाला कुणाला तरी नावं ठेवत होती. तिचा कोयता बाजारातला, पिवळ्या मुठीचा, नुकताच धार लावून आणलेला. तो गेल्याचं तिला दुःख होतंच, पण जास्त दुःख होतं ते मॅडमनी तिच्या झोपेवरून तिला बोल लावला याचं.

"जरा पाठ टेकली म्हनून काय मी चोराला बोलावलं?" ती म्हणाली. आत कोण कोण येऊ शकतं, विचारलं तर म्हणाली, वासू होता, परशू चहाला येऊन गेला, आणि पल्लवी. पल्लवीला बरं वाटत नव्हतं म्हणून तिला शाळेच्या वर्गातून सूट होती. ती मागच्या पायरीवर बसली होती.

पल्लवीचं नाव ऐकलं आणि मी वासूला विसरले.

पल्लवी दिग्गीची. पंधरा वर्षांची. कुणीतरी गोव्यात कामाला लावते म्हणून घेऊन गेलं आणि ती परत आली तेव्हा तिचं बोलणं आटलेलं होतं. हातांवर तिनं स्वतःच करून घेतलेल्या जखमा होत्या. उन्हाळ्यात ती आमच्याकडं आली. तिच्या कागदावर स्वतःला इजा करण्याच्या धोक्यापुढं मी जास्त लिहिलं होतं. आणि बळाच्या बाजूला लिहायला मला फार थोडं सापडलं होतं.

कोयता वासूकडं असेल तर वासूला कसं जपायचं ते एक. कोयता पल्लवीकडं असेल तर मात्र जीप, कारवार, शिस्त सगळं गेलं चुलीत, पहिल्यांदा तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. आणि आख्खं केंद्र कालपासून वासूच्या मागं लागलं होतं. ती पोर एकटीच होती.

मी जवळजवळ पळतच मुलींच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसली होती. मी तिचे हात हातात घेतले, बाह्या वर केल्या, तिनं करू दिल्या. जुने वण होते, नवीन काही नव्हतं. माझा जीव थोडा भांड्यात पडला. तिच्या परकराच्या काठाला करडी राख लागलेली होती. चुलीवर अंघोळीचं पाणी तापवलं असेल असं मला वाटलं, आणि मी ते तिथंच सोडून दिलं.

मी तिला सरळच विचारलं. तुला जीव नकोसा झालाय का, कोयता तू घेतलास का. असं सरळ विचारावं हे मला शिकवलेलं आहे. पहिल्या प्रश्नाला तिनं मान आडवी हलवली. दुसऱ्या प्रश्नाला ती खिडकीतून मागच्या कुंपणाकडं बघत राहिली.

मी उठत होते, तेवढ्यात ती बोलली. उन्हाळ्यापासून तिनं आपणहून मला काही विचारलं नव्हतं.

"वासूला खंय न्हेतात?"

४

वासूला कुठं नेणार ते मी तिला कसंबसं सांगितलं, सुशीलाक्काला तिच्याजवळ बसायला पाठवलं आणि स्वयंपाकघराच्या मागं जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रडायचं होतं आणि केंद्रात त्यासाठी दुसरी जागा नाही.

मागं आमचे कोनाचे वाफे आहेत. कोन म्हणजे आमच्या जोयड्याच्या कुणब्यांचा लाडका कंद. मातीचा ढीग करून त्यात लावायचा, वेल काठीवर चढवायचा, आणि डिसेंबरात वेल पिवळा पडून वाळला की खणायचा. चांगला पोसला तर माणसाच्या मांडीएवढा होतो. उन्हाळ्यात मी प्रत्येक पोराला एकेक ढीग दिला होता. उपचाराच्या आराखड्यात मी त्याला मोठं नाव दिलं होतं. मॅडम त्याला वेळेचा चुराडा म्हणायच्या. वासूनं आपला तुकडा हातात धरून कुठली बाजू वर असं विचारलं होतं, मी सांगितलं होतं, आणि तरी त्यानं तो उलटाच लावला होता. त्याच्या काठीवर वेल आलाच नाही. रामनगरच्या दुकानदाराचा पोरगा, त्याला काय माहीत.

डिसेंबर निम्मा सरला होता. सगळे वेल पिवळे पडत चालले होते. एकच वेल हिरवाच्या हिरवा होता, आणि तो पार मान टाकून काठीवर लोंबत होता.

मी डोळे पुसले आणि जवळ गेले. पिवळा पडून वाळतो तो वेल आपल्या मरणानं जातो. हिरवाच कोमेजतो तो खालून तोडलेला असतो. ढिगाची माती वरून नीट थापटलेली होती, पण बोट घातलं तर सहज आत गेलं. मी हातानंच उकरलं. आत कोन नव्हता. होता फक्त त्याचा डोक्याकडचा तुकडा, वेल फुटतो तो, आणि त्याच्या कापलेल्या बाजूला राख चोळून तो सरळ बसवलेला होता.

मी तिथंच मातीत बसले.

आमच्याकडं असंच करतात. कंद खाण्यासाठी काढला तरी डोकं परत मातीत लावायचं, कापलेल्या अंगाला चुलीतली राख लावायची, म्हणजे कुजत नाही आणि पुढच्या वर्षाला वेल येतो. हे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून आईच्या मागं मागं फिरताना हाताला लागतं. वासूच्या हाताला ते लागणं शक्य नव्हतं. त्यानं माती ओढली असेल, थापटली असेल. पण राख लावणारा हात दुसऱ्याचा होता. ढीग कुणाचा हे मला बघायचीही गरज नव्हती, तरी काठीवरची पाटी बघितली. पल्लवी.

म्हणजे कोयता घेऊन पल्लवी इथं आली होती. कोन खणायला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. माझं सगळं मोजमाप येत्या तीन महिन्यांपलीकडं बघत नाही, आणि जिच्यासाठी मी जीव मुठीत धरून बसले होते ती पोर पुढच्या डिसेंबरचं लावून मोकळी झाली होती. मरायचा बेत असलेलं माणूस राख कशाला चोळत बसेल? एवढ्या एका गोष्टीवर निर्धास्त व्हायचं नसतं, हे मला कळतं. पण बळाच्या जवळजवळ रिकाम्या बाजूला लिहायला मला काहीतरी मिळालं होतं.

मग कोन गेला कुठं? इथं तो शिजला नव्हता. कोयता गेला कुठं? मी कुंपणाकडं बघितलं. खालच्या तारेजवळचं गवत बाहेरच्या बाजूनं आडवं झालेलं होतं, आणि तिथून जंगलातली पायवाट सुरू होते. वाट त्याच बाजूला, दिग्गीकडं जाणारी.

तेव्हा मला परशूच्या खुंटीवरची कोयती आठवली. परशूचा कोयता सकाळी त्याच्या हातात होता. कुणबी माणूस कंबरेच्या आकडीला एकच कोयता अडकवतो, आणि तो जीव गेला तरी दुसऱ्याला देत नाही. एका माणसाला दोन कशाला लागतील?

५

परशू अजून झुडपंच तोडत होता. मी त्याला काही विचारलं नाही. खोलीत गेले, काळी ट्यूब गुंडाळलेली कोयती खुंटीवरनं काढली आणि त्याच्यासमोर धरली. कोयती लहान, हलकी, बाईच्या हाताची होती.

परशूनं हातातला कोयता खाली ठेवला.

"शांतीची हाय," तो म्हणाला. "पल्लवीच्या आवयची."

पुढचं त्यानं अडखळत सांगितलं. भेटीचा वार पूर्वी बुधवार होता. मॅडमनी तो बदलून रविवार केला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला. दिग्गीत रेंज कुठली? शांती काल, बुधवारी, पहाटेची निघून चालत, मग कुणाच्या तरी गाडीतून, अशी दुपारी येऊन पोचली. नियमाप्रमाणं परशूनं तिची कोयती काढून घेतली. मग नियमाप्रमाणंच तिला सांगितलं की आज भेट नाही. ती थोडा वेळ गेटसमोर दगडावर बसली. परशूला ते बघवेना, म्हणून तो चहाच्या निमित्तानं आत निघून गेला. खोलीला कुलूप घालून गेला. परत आला तेव्हा दगडावर कोणी नव्हतं आणि कोयती खुंटीवरच होती.

"माझ्याच जातीची बाय, अक्का. पाणीसुद्दा इचारलं न्हाई मी," तो म्हणाला.

"मग सकाळी हे मॅडमना सांगितलं का न्हाई?"

"मला कुनी इचारलंच न्हाई. आनी बायमाणूस मागनं कुंपणाला गेली असंल असं वाटलं. ते कळलं तर तिची भेट कायमची बंद व्हतीय. मॅडमनी पाटीच लावलीया."

पाटी खरंच होती. कुंपणावरून वस्तू देणाऱ्या-घेणाऱ्या पालकांची भेट बंद. ती पाटी लावताना मीसुद्धा हरकत घेतली नव्हती. गांजाच्या पुड्या येत होत्या म्हणून लावली होती.

आता सगळी गाठ सुटली होती आणि मी पहिल्यापेक्षा जास्त अडकले होते. खरं सांगितलं तर वासू सुटतो आणि पल्लवीची आई तुटते. गप्प बसलं तर वासू जातो. तो हे सगळं जाणून ओठ चावत बसला होता. आयतारापर्यंत थांबा, म्हणजे शांती भेटीला येईल आणि कोयता घेऊन येईल. एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि आम्ही दोन शिकलेल्या बायका त्याला कट समजलो होतो.

गेटबाहेर हॉर्न वाजला. जीप आली होती.

६

मी पल्लवीकडं गेले. जे कळलं होतं ते सगळं तिला सांगितलं. तिनं नाकारलं नाही. मी तिला हेही सांगितलं की आईची भेट बंद होणार नाही असं वचन मला देता येत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. मी भांडेन, एवढंच सांगू शकते. वासूचं नाव मी घेतलंच नाही. पंधरा वर्षांच्या पोरीपुढं आई की वासू असं तागडं धरणं मला बरं वाटत नव्हतं.

ती उठली, परकर झटकला आणि ऑफिसकडं चालायला लागली. मी मागून.

आत कारवारचे साहेब घाईत होते. त्यांना उजेडात घाट उतरायचा होता. वासूची पिशवी दारातच भरून ठेवलेली. मॅडम कागदावर सही करत होत्या. पल्लवी टेबलापुढं उभी राहिली आणि बोलली. आवाज बारीक होता, पण तुटला नाही.

"कोयता मी दिला. आवयला."

मॅडमचं पेन थांबलं.

"आवय आली व्हती. आमच्या घरात कुनी आलं तर रित्या हातानं पाठवत न्हाईत. माझ्याकडं कोनच व्हता, तो काडून दिला. वासूनं माती वडली, बाकी त्येनं काय केलं न्हाई. आनी तिची कोयती गेटावर घेतलेली. बिन कोयतीची ती रानातनं कशी जाईल? म्हनून हितला दिला. आमची तुमच्याकडं हाय, तुमचा आमच्याकडं हाय. आयतारी ती घेऊन येतीय."

मी शांतीची कोयती टेबलावर ठेवली. वासू जमिनीकडं बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

मग मी भांडले. नीट, मुद्देसूद भांडायचं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच. वार आपण बदलला आणि तिच्यापर्यंत पोचवला नाही. हत्यार आपण घेतलं आणि परत दिलं नाही. झडती फक्त पोरांची घेतली. या पोरानं काल एका बाईला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही आणि आज तिच्या पोरीचं नाव तोंडातून काढलं नाही. त्याच्या कागदाची उजवी बाजू एकदा तरी वाचा, म्हटलं, मग सही करा.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅडमनी ती कोयती उचलून बघितली. नंतर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मुलीचं म्हणणं खरं असेल, त्या म्हणाल्या, पण ही कोयती म्हणजे आमचा कोयता नव्हे. आमची धारेची वस्तू अजून बाहेरच आहे. रविवारी भेटीच्या वेळात तो परत आला तर ठीक. नाही आला तर सोमवारी हीच जीप वासूला नेईल, आणि पल्लवीच्या भेटींचाही विचार करावा लागेल.

"भेटीची वेळ एकपर्यंत," त्यांनी बजावलं.

शांतीला हे कळवायला दिग्गीत फोन लागत नव्हता. लागला असता तरी तिच्याकडं फोन नव्हता.

७

रविवारी मी सुट्टी असून आले. अणशीकडची, कुणंगकडची माणसं आली, पोरांजवळ बसली, गेली. शांती आली नाही. वासू व्हरांड्यात एका खांबाला टेकून होता. पल्लवी दुसऱ्या खांबाला. दोघांची नजर गेटावर होती.

बारा वाजून गेले. कुणीतरी सांगितलं की त्या बाजूची बस आज आलीच नाही. मी मॅडमना ते सांगितलं. बस हा आपला प्रश्न नाही, त्या म्हणाल्या. मी व्हरांड्यातून गेटपर्यंत आणि गेटपासून व्हरांड्यापर्यंत येरझाऱ्या घातल्या. या तालुक्यात माणसाचं खरं-खोटं बसवर ठरतं, असं मी परशूला म्हणाले.

एक वाजला. मॅडम ऑफिसमधून बाहेर आल्या, हातात फोन. त्यांनी रेंज शोधत फोन वर धरला आणि परशूला गेट लावायची खूण केली.

परशूनं गेटाकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, आणि वाकून चपलेचा अंगठा दुरुस्त करायला लागला. तो अंगठा चांगला धडधाकट होता. मॅडमनी परत हाक मारली. त्याला ऐकू आलं नाही. त्याचं वाकणं संपतच नव्हतं, आणि तेवढ्यात वळणावर लाल लुगडं दिसलं.

शांती पाय ओढत येत होती. गेटाशी पोचल्यावर तिनं कुणी मागायच्या आत कंबरेच्या आकडीतून पिवळ्या मुठीचा कोयता काढला आणि परशूपुढं धरला. नियमच होता तो. परशूनं तो घेतला, खोलीत गेला, पुन्हा खुंटीवर आलेली तिची कोयती आणून तिच्या हातात दिली, आणि लगेच परत मागून घेतली, कारण तोही नियमच होता. मग पितळेचा तांब्या भरून तिला पाणी दिलं.

मॅडमनी कोयता हातात घेऊन उलटसुलट बघितला. फोन त्यांनी पदराच्या घडीत सरकवला. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखा वासू खांब सोडून खालीच बसला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

शांतीनं पल्लवीच्या तोंडावरून हात फिरवला. नंतर डोक्यावरची टोपली उतरवून तिनं त्यातला डबा उघडला. आत उकडलेल्या कोनाच्या फोडी होत्या, वर मीठ, ओलं खोबरं. तिनं पहिली फोड उचलली आणि पोरीला न देता वासूपुढं धरली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "बाहेरचं खाणं आत चालत नाही."

वासूचा हात तसाच हवेत राहिला. माझं डोकं पुन्हा तापलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी पल्लवी बोलली.

"भायेरचं कुठलं, मॅडम? हितलंच हाय ते. मागं पिकलेलं."

मॅडमनी डब्यात वाकून बघितलं. मग त्यांनी सुशीलाक्काला ताटल्या आणायला सांगितल्या.